'आपण बरं, आपलं काम बरं' एवढ्यावर ऑफिसात भागत नाही: राजकारणात स्वच्छ राहून वागण्याची पद्धत

पुण्यातल्या ऑफिसांत एक वाक्य फार ऐकू येतं: 'आपण बरं, आपलं काम बरं.' बहुतेकदा ते घरातून आलेलं असतं. आधीच्या पिढीने सरकारी खात्यात किंवा बँकेत याच वाक्यावर तीस वर्षं काढली, आणि तिथे ते चाललंही, कारण बढती बऱ्याच अंशी सेवाज्येष्ठतेने मिळायची. हिंजवडीतली आयटी कंपनी किंवा चाकणमधला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना तसा चालत नाही. पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतं, चांगल्या प्रोजेक्टवर चार जागा असतात आणि त्यांच्याकडे अकरा जण डोळे लावून बसलेले असतात. कुणाला घ्यायचं ते कुणीतरी ठरवतं. तुमचं काम त्याच्यापर्यंत पोचलंच नसेल, तर तो माणूस कितीही चांगला असला तरी तुमचं नाव त्याला आठवणार नाही.

ऑफिसातले निर्णय प्रत्यक्षात कसे होतात, त्यालाच राजकारण म्हणायचं, असं धरून चाललात तर त्यात स्वच्छ हातांनी भाग घेता येतो. एकच कसोटी पुरते: मी जे करतोय किंवा करतेय, ते त्या माणसाच्या तोंडावर सांगता येईल का? सांगता येत असेल तर बिनधास्त करा. येत नसेल तर सोडून द्या, मग फायदा कितीही दिसो.

आधी नकाशा

नवी नोकरी लागली, टीम बदलली किंवा मॅनेजर नवा आला की पहिले तीन आठवडे नकाशा बनवायला द्या. कंपनीचा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, हा तो नकाशा नव्हे. कुणाची रजा कोण मंजूर करतं, एवढंच त्यातून कळतं.

घरच्या वहीतलं एक पान घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे अजिबात लिहू नका. त्यातल्या फाइली कंपनीच्या असतात, आणि स्क्रीन शेअर करताना नको ती फाइल उघडली जाणं ही रोजची गोष्ट आहे. पानावर बारा ते पंधरा नावं लिहा: तुमचा मॅनेजर, त्याचा वरिष्ठ, मॅनेजरच्या बरोबरीचे दोघं-तिघं, तुम्हाला काम देणारी टीम, तुमच्याकडून काम घेणारी टीम. शिवाय मोठं पद नसलेले पण काम अडवू किंवा सोडवू शकणारे लोक: ॲडमिन, अकाउंट्स, कारखान्यात स्टोअर, मेंटेनन्स, टाइम ऑफिस, युनियनचा प्रतिनिधी. प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा. या तिमाहीत त्याला काय साधायचंय? त्याला कशाची धास्ती आहे? तो कुणाचं ऐकतो? माझ्यामुळे त्याचं काम कुठे अडतं?

चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त हाती लागतं. 'तो माझ्या वाईटावर आहे' असं वाटणाऱ्या माणसाच्या रकान्यात बऱ्याचदा साधं कारण सापडतं: तुमचा रिपोर्ट सहा वाजता येतो आणि त्याची शेवटची बस साडेसहाला सुटते. रिपोर्ट साडेचारला द्यायला लागा आणि महिनाभर थांबा.

रकाने भरण्यासाठी बैठकीत कान उघडे ठेवा. कुणाच्या वाक्यानंतर चर्चा थांबते? 'तुमचं काय म्हणणं?' असं कुणाला विचारलं जातं? ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कुणाच्या फोननंतर बदलते? सगळ्यात जास्त बोलणारा आणि सगळ्यात जास्त वजन असणारा सहसा वेगवेगळे निघतात.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे रकान्यात माणसाचा स्वभाव लिहिणं. 'खडूस', 'चमचा', 'अमक्या गावचा, तसलाच असणार' असं एकदा लिहिलं की पुढे तेच दिसत राहतं. आडनाव, गाव, भाषा यांवरून बांधलेला अंदाज नकाशात येऊ देऊ नका. डोळ्यांनी पाहिलेली वागणूक तेवढी लिहा. दर तीन महिन्यांनी पान नव्याने लिहा, कारण बदल्या आणि राजीनामे यांनी नकाशा शिळा होतो.

मॅनेजरला दर आठवड्याला वीस मिनिटं

मॅनेजर स्वतःहून वेळ देत नसेल तर तुम्ही मागा: ठरलेला वार, ठरलेली वेळ, वीस मिनिटं. जाण्याआधी तीन ओळींचा मेल टाका:

'झालं: बिलिंग मॉड्यूलच्या ४० पैकी ३१ चाचण्या पूर्ण.
अडलं: क्लायंटकडून टेस्ट डेटा सोमवारपासून आलेला नाही.
तुमच्याकडून हवं: गुरुवारच्या कॉलमध्ये त्यांच्या मॅनेजरला एकदा विचारा.'

तिसरी ओळ कधीही गाळू नका. पहिल्या दोन ओळींमुळे मॅनेजरला माहिती मिळते. तिसरीमुळे तो तुमच्या कामात सामील होतो. आणि ज्यात त्याने हात घातला, त्याबद्दल तो पुढे बोलतो.

वाईट बातमी त्याच दिवशी आणि आधी त्याला, हा नियम मोडू नका. मॅनेजर त्याच्या वरिष्ठासमोर बसलाय आणि उशीर होणार हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतंय, या एका प्रसंगाने वर्षभराचा विश्वास जातो. बातमीसोबत दोन पर्याय न्या आणि त्यांतला तुम्हाला कुठला बरा वाटतो तेही सांगा.

संबोधनाची एक बारीक बाब. आयटीत पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारतात, पण मराठीत बोलताना समोरच्याने स्वतः अरे-तुरे सुरू करेपर्यंत 'तुम्ही' ठेवा. चाकण, भोसरी, रांजणगावला मॅनेजर 'साहेब' किंवा 'मॅडम' असतात आणि वयाने मोठा ऑपरेटर 'काका' नाहीतर 'दादा'. नव्या इंजिनियरने शॉपफ्लोअरवर त्यांना नावाने हाक मारली, तर पुढचा महिनाभर मशिनबद्दलची खरी माहिती त्याच्यापर्यंत येत नाही.

बैठकीआधीच्या बैठका

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

पुणे परिसरात जपानी कंपन्या बऱ्याच आहेत आणि जपानी शिकणारेही पुष्कळ, त्यामुळे 'नेमावाशी' हा शब्द काहींच्या कानावर असेल. मुळात तो बागकामातला आहे. मोठं झाड हलवायचं तर माळी आधीपासून मुळांभोवती खणून, मुळं छाटून, नव्या बारीक मुळांना फुटायला वेळ देतो आणि मग झाड उचलतो. जेसीबीने एका दुपारी उपटलेलं झाड दुसरीकडे लावलं की बहुतेकदा वाळतं. कामाच्या भाषेत नेमावाशी म्हणजे बैठकीत प्रस्ताव मांडण्याआधी संबंधित प्रत्येकाला एकेकटं भेटून त्याच्याशी बोलून घेणं.

उदाहरण घेऊ. तुमची टीम दर शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करते, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात आणते. काही बिघडलं की शनिवार-रविवार जातो. तुम्हाला रिलीज मंगळवारी हवा आहे. थेट सोमवारच्या बैठकीत मांडलंत तर टेस्टिंग लीड म्हणेल 'आमचं वेळापत्रक कोसळेल', क्लायंट मॅनेजर म्हणेल 'त्यांना आठवडा संपताना रिलीज लागतो', वरिष्ठ म्हणतील 'नंतर बघू', आणि विषय सहा महिने उघडणार नाही. सगळ्यांसमोर 'नाही' म्हणालेल्या माणसाला नंतर 'हो' म्हणणं जड जातं.

त्याऐवजी आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा.

पहिल्यांदा एक पान तयार करा. गेल्या बारा रिलीजपैकी कितींत शनिवारी काम करावं लागलं, किती जणांना, किती तास. हे आकडे तुमच्या टीमच्या तिकिटांतूनच, म्हणजे कामांच्या आणि बिघाडांच्या नोंदींतूनच काढा. अंदाजाने लिहिलेला एक आकडा पकडला गेला की उरलेल्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मग ज्याला सगळ्यात जास्त त्रास होणार आहे त्याच्याकडे सगळ्यात आधी जा. इथे तो टेस्टिंग लीड. पाठिंबा देणाऱ्या मित्रांकडे आधी जावंसं वाटतं, पण तसं केलंत की लीडच्या कानावर बातमी दुसऱ्याकडून जाते आणि त्याला वाटतं की ठरवून आपल्याला वगळलं. प्रत्यक्ष भेटा, पंधरा मिनिटं पुरतात. वाक्य साधारण असं असू द्या: 'रिलीज मंगळवारी नेता येईल का, असा विचार चाललाय. अजून कुठे मांडलेला नाही. तुमच्याकडे त्याने काय काय अडेल, ते आधी समजून घ्यायचंय.' एवढं बोलून गप्प बसा. तो तीन अडचणी सांगेल, त्या त्याच्यासमोर लिहून घ्या. त्यांतली एखादी तुम्हाला सुचलेलीच नसेल. समजा, सोमवारी टेस्ट सर्व्हर दुसरी टीम वापरते.

तिसऱ्या टप्प्यात प्रस्ताव खरोखर बदला. सर्व्हरच्या वेळा बदलून घेण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्या आणि बदललेलं पान लीडला पुन्हा दाखवा. अनेकांची नेमावाशी फसते ती इथे: भेटतात सगळ्यांना, बदलत काहीच नाहीत. आपल्याशी नुसतं गोड बोललं गेलं हे समोरच्याला कळतं, आणि पुढच्या वेळी तो अडचण सांगतच नाही, सरळ बैठकीत अडवतो.

त्यानंतर क्लायंट मॅनेजर, मग उरलेले, सगळ्यात शेवटी निर्णय घेणारे वरिष्ठ. तुमच्या मॅनेजरला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत असलं पाहिजे. वरिष्ठांना सांगताना विरोधही सांगा: 'टेस्टिंगची सर्व्हरची अडचण होती, ती अशी सोडवली. क्लायंटचं उत्तर अजून यायचंय.' विरोध लपवलात आणि तो बैठकीत निघाला, तर सगळी मेहनत वाया.

बैठकीत सुरुवात श्रेय देऊन करा. 'सर्व्हरचा मुद्दा टेस्टिंगच्या टीमने लक्षात आणून दिला.' लीड आता त्याच प्रस्तावाच्या बाजूने बोलेल, कारण त्यात त्याचा वाटा आहे. चार-सहा रिलीजपुरता प्रयोग मागा. कायमचा बदल मागितला की लोक दचकतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत काय ठरलं, कोण काय करणार, कुठल्या तारखेपर्यंत, याचा पाच ओळींचा मेल सगळ्यांना पाठवा. तोंडी ठरलेलं दोन आठवड्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

कुणी आपलं श्रेय घेतलं तर

आधी चूक आणि चोरी यांतला फरक करा. मॅनेजरने वरिष्ठांसमोर 'आमच्या टीमने केलं' म्हणणं ही चोरी नाही. सहकाऱ्याने घाईत नाव घ्यायचं राहून जाणं, तेही एकदा सोडून द्यावं. दुसऱ्यांदा झालं तर बोला. मात्र त्याच क्षणी नको, आणि आठवडा लोटूनही नको. चोवीस तासांच्या आत, एकट्याशी, आरोपाचा शब्द न वापरता: 'कालच्या सादरीकरणातला खर्चाचा तक्ता मी केला होता, माझं नाव आलं नाही. पुढच्या कॉलमध्ये त्या भागाबद्दल मीच बोलेन, चालेल?' शेवटच्या प्रश्नाला बहुतेक लोक 'हो' म्हणतात, आणि प्रकरण तिथे मिटतं.

बैठकीत डोळ्यांदेखत घडलं, तर भांडण न करता मुद्दा पुढे न्या: 'त्या तक्त्यात मी वाहतुकीचा खर्च वेगळा दाखवलाय, त्याचं कारण सांगतो.' काम ज्याने केलं त्यालाच तपशील माहीत असतो, आणि ऐकणाऱ्यांना ते समजतं.

मुळात हा प्रसंग कमी वेळा यावा म्हणून काम सुरू असतानाच दाखवत राहा. मसुदा एकट्याला न पाठवता तीन-चार संबंधितांना पाठवा. फाइलीत नाव आणि तारीख असू द्या. दुसऱ्याचं श्रेय तुम्ही मोठ्याने देत असाल, तर तुमचं लपवणं लोकांना अवघड जातं.

टपरी, कंपनीची बस आणि व्हॉट्सॲप ग्रुप

हिंजवडीची ये-जा दिवसाचे दोन-तीन तास खाते, आणि गप्पांची पेरणी बसमध्ये, कॅबमध्ये आणि चहाच्या टपरीवरच होते. या जागा टाळू नका. टाळणारा माणूस शिष्ट ठरतो आणि बातम्यांनाही मुकतो. कामाची माहिती आणि माणसाची निंदा यांतला फरक मात्र सांभाळा. 'क्लायंट मार्चमध्ये बजेट कमी करतोय असं ऐकलं' ही माहिती. 'तिला बढती कशी मिळाली ते सगळ्यांना माहितीये' ही निंदा, आणि ती ऐकताना हसलात तरी तुमचं नाव तिला जोडलं जातं.

अशा वेळी उपदेश करू नका, विषयाचं तोंड फिरवा: 'मला त्यातलं खरंच काही माहीत नाही. बरं, गुरुवारच्या डेमोचं काय झालं?' कुणी खोलातच शिरलं तर: 'तिच्याशी एकदा बोललास का?' हे ऐकून बोलणारा थांबतो, कारण तो बोललेला नसतो.

मॅनेजरला वगळून टीमचा जो 'खरा' ग्रुप असतो, त्यात रहा, पण तिथे लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या मॅनेजरला दिसणार असं समजून लिहा. स्क्रीनशॉटला वेळ लागत नाही. रात्री रागात लिहिलेला मेल पाठवण्याआधी त्यातला 'टू' चा रकाना रिकामा करा, सकाळी पुन्हा वाचा.

आता भाषा. तामिळ, बंगाली, हिंदी बोलणारे सहकारी शेजारी असताना कामाबद्दल मराठीत बोलत राहणं त्यांना भिंतीसारखं वाटतं, बोलणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी. चहावर मराठी मोकळेपणाने बोला, त्यांनाही शिकवा; कामाचा निर्णय मात्र सगळ्यांना कळणाऱ्या भाषेतच व्हावा. उलट बाजूने तसंच वगळलं जात असेल, तर तिथल्या तिथे शांतपणे सांगा: 'मलाही यात घ्या, माझ्या कामाशी संबंध आहे.' गणपतीची वर्गणी आणि दिवाळीचा फराळ या वेळी कोण बाजूला उभं आहे ते पाहा आणि त्याला हाक मारा. ऑफिसातली बरीचशी वैरं अशा वगळण्यातूनच वाढतात.

दोन वरिष्ठांच्या मध्ये सापडलात तर

दोघांकडून उलट सूचना आल्या, तर एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला निरोप पोचवू नका. दोघांना एकच मेल करा: 'अ काम शुक्रवारपर्यंत सांगितलंय, ब कामही शुक्रवारपर्यंत. माझ्याकडून एकच पूर्ण होईल. आधी अ घेतो, मग मंगळवारपर्यंत ब. वेगळा क्रम हवा असेल तर उद्या बारापर्यंत कळवा.' यात तक्रारीचा सूर नाही. क्रम तुम्ही सुचवलाय, बदलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. 'त्यांनी तुमच्याबद्दल असं म्हटलं' हे वाक्य मात्र कधीही, कुणालाही, खरं असलं तरी सांगू नका.

अप्रेझल मार्चमध्ये ठरत नाही

एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत अप्रेझलमधली श्रेणी अधिकृतपणे कळायच्या बऱ्याच आधी मॅनेजर मंडळी एकत्र बसतात. वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या असतात, आणि तिथे तुमच्या मॅनेजरला तुमच्यासाठी बोलावं लागतं, तेही थोडक्यात. त्याला तयार वाक्यं द्या.

दर शुक्रवारी पाच मिनिटं काढून एक ओळ लिहा: काय केलं, कुणाला काय फायदा झाला, किती. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यातून अर्धं पान निवडा आणि मॅनेजरला द्या. 'खूप मेहनत घेतली' असं लिहून काही होत नाही. 'महिनाअखेरचा ताळा दोन दिवसांऐवजी पाच तासांत होतो' हे बैठकीत उच्चारता येतं. ऑक्टोबरमध्येच एकदा विचारा: 'आज ती बैठक झाली तर माझ्याबद्दल काय सांगाल, आणि कशात मी कमी पडेन?' उत्तर कडू असू शकतं, पण सुधारायला हातात महिने उरतात. त्या खोलीत बसणाऱ्या दुसऱ्या मॅनेजरांपैकी किमान दोघांना तुमचं काम माहीत हवं. नकाशातली 'मॅनेजरच्या बरोबरीची' नावं त्यासाठीच आहेत.

जिथे समजूतदारपणा पुरत नाही

काही गोष्टी राजकारणात मोडत नाहीत. लैंगिक शेरे, नकोसा स्पर्श, 'ऐकलंस तर बढती' असले इशारे याला नेमावाशीचा उपाय नाही आणि सहन करणं हाही उपाय नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती. पीडित महिलेने लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

शिवीगाळ, जाणूनबुजून काम काढून घेणं, खोट्या नोंदी असला छळ असेल तर आधी नोंद ठेवायला लागा: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द. त्याच दिवशी, हाताने, वहीत. ऑफिसचे गोपनीय मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. अनेक कंपन्यांत तो नियमभंग ठरतो आणि तुमची खरी तक्रार बाजूला पडून तुमच्यावरच कारवाई होते. एचआरकडे जाताना लेखी द्या, दोन-तीन ठळक घटना, आणि तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट लिहा: टीम बदलून हवी, चौकशी हवी की लेखी समज. 'बघा काहीतरी' म्हणालात तर काहीच होत नाही. एचआर कंपनीसाठी काम करतं, हे ध्यानात ठेवून जा.

तीन-चार महिने नीट प्रयत्न करूनही श्वास घेता येत नसेल, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल, तर नोकरी बदलणं हा पराभव नाही. मात्र दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि नोटिशीचे दिवस आधी करारात वाचा. आयटीत साठ ते नव्वद दिवस सर्रास असतात. निघताना हस्तांतराची फाइल बनवा: चालू कामं, प्रत्येकाची अवस्था, कुणाशी बोलायचं, कुठल्या तारखा जवळ आल्यात, कुठल्या परवानग्या कुणाच्या नावावर करायच्या. ती तुमच्या जागी येणाऱ्याला आणि मॅनेजरला दोघांना द्या, आणि ज्याच्याशी सगळ्यात कमी पटलं त्यालाही शेवटच्या दिवशी जाऊन भेटा. खराडीतल्या तुमच्या पुढच्या ऑफिसात मुलाखत घ्यायला तोच समोर बसलेला असू शकतो.